लॅट-लॉंग टाकूनही पिन भलतीकडेच का पडते?

निळावंती
नमस्कार मंडळी. जगातल्या प्रसिद्ध वास्तूंचा एक नकाशा करतेय. शीटमध्ये नाव, अक्षांश, रेखांश असे कॉलम करायचे आणि फाइल ऑनलाइन मॅपमध्ये इम्पोर्ट करायची की पिना आपोआप पडतात, एवढं मला जमतं. आकडे थोडे जुन्या अ‍ॅटलासच्या मागच्या सूचीतून घेतले, थोडे नेटवरून, आणि थोडे मैत्रिणीने तिच्या फोटोंमधून काढून दिले. सगळं टाकलं आणि बघते तर काय, आयफेल टॉवर पॅरिसच्या बाहेर दक्षिणेला चाळीसेक किमी, गिझाचा मोठा पिरॅमिड अलेक्झांड्रियाच्या वेशीवर, सिडनीचं ऑपेरा हाउस किनारा सोडून उत्तरेला कुठेतरी आत डोंगरात, आणि कहर म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा पुतळा थेट किरगिझस्तानात!! माचू पिचू तर आफ्रिकेशेजारच्या समुद्रात गेलंय. बाकीच्या पिना मात्र अगदी जिथल्या तिथे आहेत, म्हणजे मॅप बिघडलाय असंही म्हणता येत नाही.

शीटमधले आकडे असे आहेत:
आयफेल ४८.५१३०, २.१७४०
पिरॅमिड ३१.१३४२, २९.९७९२
ऑपेरा हाउस -३२.१४३१, १५१.२१५३
लिबर्टी ४०.६८९२, ७४.०४४५
माचू पिचू १३.१६३१ एस, ७२.५४५० डब्ल्यू

आणि जाता जाता अजून एक, दोन पिनांमधलं अंतर काढायचं तर एका अंशाचे किती किमी धरायचे? शाळेत १११ शिकवलेलं आठवतंय पण तसं करून बघितलं तर काही अंतरं जुळतात, काही अजिबात नाही.

उगाचच
पुतळा किरगिझस्तानात, म्हणजे आता व्हिसा बदलावा लागणार 😄
गंमत सोडा, पण गुगल मॅपमध्ये जागेवर राइट क्लिक करा, वरतीच लॅट-लॉंग येतात, क्लिक केलं की कॉपी. मोबाइलवर बोट दाबून धरा, पिन पडली की खाली आकडे दिसतात. अ‍ॅटलास घेऊन कशाला बसायचं?

नकाशेवाला
उगाचच म्हणतात ते शॉर्टकट म्हणून ठीक आहे, पण ताई, तुमचं उदाहरण इतकं मस्त आहे की पाचही पिना वेगवेगळ्या कारणांनी चुकल्यात, त्यामुळे सोडवायचा मोह आवरत नाहीये.

आयफेल आधी. टॉवरचं स्थान अंश-मिनिटं-सेकंदात ४८ अंश ५१ मिनिटं ३० सेकंद उत्तर, २ अंश १७ मिनिटं ४० सेकंद पूर्व असं आहे. आता तुमच्या शीटमधला आकडा बघा, ४८.५१३०. म्हणजे मिनिटं आणि सेकंद उचलून सरळ टिंबानंतर ठेवलेत. पण अंशात मिनिटं ६० असतात, १०० नव्हे, आणि मिनिटात सेकंदही ६०. त्यामुळे ५१ ला ६० ने भागायचं, ३० ला ३६०० ने भागायचं, आणि दोन्ही ४८ मध्ये मिळवायचे, येतात ४८.८५८३. रेखांश तसाच, २.२९४४. तुमच्या आणि खऱ्या अक्षांशात ०.३४५३ अंशाचा फरक पडला, तो झाला सुमारे ३८ किमी, म्हणून पिन पॅरिसबाहेर. यात सगळा दोष तुमचा नाही, काही जुन्या अ‍ॅटलासच्या सूचीत अंश आणि मिनिटांच्या मध्ये टिंबच छापलेलं असतं, ४८.५२ असं, आणि ते वाचताना कोणालाही दशांशच वाटणार. ओळखायची एक खूण सांगतो. अशा कॉलममध्ये टिंबानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ५९ च्या वर जात नाहीत, त्यापुढचे दोनही नाहीत. खऱ्या दशांश अंशांत कुठेतरी ७३ येईल, कुठे ८८ येईल. अख्ख्या कॉलममध्ये एकही साठच्या वर दिसत नसेल तर शंभर टक्के ती मिनिटं आहेत.

पिरॅमिडची तर मजाच आहे. खरं स्थान २९.९७९२ उत्तर, ३१.१३४२ पूर्व, तुमचे कॉलम उलटे झालेत. दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळचे की उलटे टाकले तरी पिन इजिप्तमध्येच राहते, फक्त वायव्येला १७० किमी सरकून अलेक्झांड्रियापाशी जाते, आणि म्हणूनच अशी चूक सगळ्यात उशिरा सापडते. आयफेलचे आकडे उलटे केले असते तर पिन सोमालियासमोरच्या हिंदी महासागरात गेली असती, लगेच कळलं असतं. सिडनीचे उलटे केले तर मॅप घेणारच नाही कारण अक्षांश ९० च्या पुढे जात नाही आणि १५१ अक्षांश पृथ्वीवर नाहीच. रेखांश मात्र १८० पर्यंत जातो.

उलटापालट होते कशी, तर बोलताना आणि गुगल मॅपच्या सर्चमध्ये आधी अक्षांश मग रेखांश, पण जिओजेसन आणि केएमएल या फाइल फॉरमॅटमध्ये आधी रेखांश. ग्राफमध्ये आधी एक्स मग वाय, तसं. तुमची ती ओळ नक्की अशाच कुठल्यातरी फाइलमधून आली असणार.

बाकीच्या तीन पिना रात्री लिहितो, मीटिंग आहे.

दर्यावर्दी
जहाजावर बरीच वर्षं काढली म्हणून एक भर घालतो. आम्ही ना सेकंद लिहीत ना पूर्ण दशांश अंश. आमचं अंश आणि दशांश मिनिटं, म्हणजे आयफेल ४८ अंश ५१.५ मिनिटं. कारण अगदी सरळ आहे, अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किमी, आणि नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. त्यामुळे १२ नॉटने सरळ उत्तरेला निघालात तर तासाभरात अक्षांश १२ मिनिटांनी वाढणार, कॅल्क्युलेटर लागत नाही. चार्टवर डिव्हायडरने अंतर मोजायचं ते बाजूच्या अक्षांशाच्या पट्टीवर, आणि तेही आपण आहोत त्याच अक्षांशाच्या आसपास. खालच्या रेखांशाच्या पट्टीवर अंतर कधीही मोजायचं नाही, नवीन पोरं हमखास तेच करतात आणि ओरडा खातात.

तर तुमच्याकडे एकच जागा तीन प्रकारे लिहिलेली येऊ शकते आणि तिन्हींत टिंब वेगळ्या जागी. टिंब कुठे आहे ते आधी बघा मग टाइप करा.

अंतराचं विचारलंत त्यावर. अक्षांशाचा एक अंश कुठेही १११ किमीच्या आसपासच भरतो, विषुववृत्तावर ११०.६ आणि ध्रुवापाशी १११.७, कारण पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे. रेखांशाचं तसं नाही. रेखांशाच्या रेषा सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या दोन्ही टोकांना एकत्र येतात, त्यामुळे विषुववृत्तावर १११ किमी असलेला अंश ६० अक्षांशावर निम्मा होतो, ५६ किमी, आणि ध्रुवावर शून्य. मधलं काढायचं तर १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. तुमची जुळलेली अंतरं बहुतेक उत्तर-दक्षिण असतील किंवा विषुववृत्ताजवळची, बघा बरं.

निळावंती
अय्या हो! क्विटोकडची बरोबर येत होती आणि सेंट पीटर्सबर्गकडची दुप्पट. मग पायथागोरस लावून एकदम काढलं तर चालेल का?

दर्यावर्दी
एका शहरातल्या शहरात चालेल, फक्त रेखांशाच्या फरकाला आधी कोसाइन लावायचा. पॅरिस ते न्यूयॉर्कला अजिबात नाही. तिथे पृथ्वीचा गोलावा धरावाच लागतो, हॅवरसाइन म्हणून सूत्र आहे ते नेटवर तयार मिळेल, शीटमध्ये पेस्ट करा. त्यात कोन रेडियनमध्ये द्यायचे असतात तेवढं विसरू नका. आणि विमानाचे मार्ग नकाशावर उगाच उत्तरेकडे वळसा घेतल्यासारखे दिसतात ना, तोच खरा जवळचा रस्ता असतो, वाकडा नकाशा असतो.

नकाशेवाला
हं, आलो. उरलेल्या तीन.

लिबर्टी सोपी. ७४.०४४५ पश्चिम आहे, म्हणजे उणे. ग्रिनिचच्या पश्चिमेला उणे, विषुववृत्ताच्या दक्षिणेला उणे. चिन्ह गेलं की ७४ पूर्व, आणि ४०.७ उत्तर ७४ पूर्व म्हणजे किरगिझस्तानचे डोंगर. हा पुतळा मैत्रिणीच्या फोटोतून आला ना? फोटोच्या आत जी माहिती साठवतात त्यात अंश, मिनिटं, सेकंद हे तीन आकडे कायम धनच असतात, आणि पूर्व की पश्चिम हे अक्षर वेगळ्या रकान्यात. कॉपी करताना ते अक्षर मागे राहिलं असणार.

माचू पिचूमध्ये उलटं, अक्षर ठेवलंत पण आकड्याला चिकटवून. १३.१६३१ एस हा शीटच्या दृष्टीने आकडा नाही, शब्द आहे. आणि बरीच सॉफ्टवेअरं न वाचता आलेल्या किंवा रिकाम्या जागी शून्य धरतात. शून्य अक्षांश शून्य रेखांश म्हणजे गिनीचं आखात, आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात. जगभरातला असा सगळा बिघडलेला डेटा तिथेच जाऊन पडतो, म्हणून नकाशावाल्यांनी गमतीने त्या जागेला नल आयलंड असं नाव ठेवलंय. बेटबीट काही नाही हो तिथे, समुद्राचं तापमान, वारा वगैरे मोजणारा एक बोया वर्षानुवर्षं नांगरून ठेवलेला होता इतकंच.

आता ऑपेरा हाउस, आणि इथे मी स्वतः जरा वेळ डोकं खाजवलं. मूळ स्थान ३३ अंश ५१ मिनिटं २५ सेकंद दक्षिण. तुम्ही इथे ६० ने भागलंय, चिन्हही दिलंय, रेखांशही बरोबर. तरी -३२.१४३१ कसं आलं? तर सूत्रात -३३ लिहिलं आणि त्यात ५१ भागिले ६० अधिक २५ भागिले ३६०० मिळवलं. उण्यात मिळवलं की आकडा शून्याकडे सरकतो! मिनिटं-सेकंद हे ३३ च्याही पुढे दक्षिणेला न्यायला हवेत. आधी सगळं धन धरून ३३.८५६९ काढायचं आणि मग पूर्ण आकड्याला उणे लावायचं. फरक १.७ अंश, म्हणजे १९० किमी उत्तरेला. सूत्र तयार करून खाली ओढत नेलं तर उत्तर गोलार्धातल्या सगळ्या ओळी बरोबर येतात आणि दक्षिणेतल्या तेवढ्या बिघडतात, म्हणून लवकर शंका येत नाही.

शीटची एक युक्ती, बहुतेकांना माहीत नसते. ४८:५१:३० असं कोलन घालून टाइप करा. सॉफ्टवेअरला ती वेळ वाटते, ४८ तास ५१ मिनिटं ३० सेकंद. शेजारच्या सेलमध्ये तिला २४ ने गुणा आणि फॉरमॅट नंबर करा, ४८.८५८३ हजर. उणे चिन्ह मात्र नंतरच लावायचं.

ध्रुवबाळ
वेळेची युक्ती चालते यात नवल नाही, साठचा हिशोब दोन्हीकडे एकच. आणि रेखांश म्हणजे मुळात वेळच आहे ना. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते म्हणजे तासाला १५, चार मिनिटांना एक अंश. तुमच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ असेल आणि तुमच्याकडे सूर्य डोक्यावर येऊन सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा ग्रिनिचला सकाळचे ९ वाजले असतील, तर तुम्ही ढोबळमानाने ४५ पूर्वेला आहात. ढोबळमानाने का, तर सूर्य घड्याळासारखा एकसारखा चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो सोळा मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे, ती दुरुस्ती केली नाही तर चार अंशांपर्यंत घोटाळा.

अक्षांशाला हे काहीच लागत नाही. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर तितका तुमचा अक्षांश, पाऊणएक अंश इकडेतिकडे. म्हणून शेकडो वर्षं खलाशांना अक्षांश कळायचा आणि रेखांश नाही. १७०७ मध्ये इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर ब्रिटिश आरमाराची जहाजं आपटून बुडाली, मग १७१४ मध्ये त्यांच्या संसदेने २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस ठेवलं, आणि उत्तर शेवटी कुठल्या खगोलशास्त्रज्ञाकडून नाही तर जॉन हॅरिसन या सुतारकाम शिकलेल्या घड्याळजीकडून आलं. त्याचं चौथं घड्याळ, खिशातल्या घड्याळाचंच मोठं रूप, १७६१ मध्ये जमैकाला निघालेल्या जहाजावर चढवलं. डोलत्या जहाजावर, थंडीत-उकाड्यात, दिवसाला काही सेकंदांच्या आत चालणारं घड्याळ! विषुववृत्तावर चार सेकंद चुकले तरी जवळपास दोन किमी जातात. आज जीपीएससुद्धा तेच करतं, उपग्रहांवरची अणुघड्याळं आणि सिग्नल यायला लागलेला वेळ.

उगाचच
ध्रुवबाळ सुरू झाले की धागा १८ व्या शतकात जातो 🙏 पण वाचायला मजा आली. एक शंका, शून्य ग्रिनिचलाच का? आमच्यात कोणीतरी सांगितलेलं की तिथे जमिनीवर रेष आखलीय, तिच्यावर उभं राहिलं तरी फोन शून्य दाखवत नाही.

टोपोशीट
सर्व्हेचं काम करतो, हे माझ्या गल्लीतलं आहे. अक्षांशाचं शून्य निसर्गानेच दिलंय, विषुववृत्त. रेखांशाचं शून्य कुठेही धरा, चालतं. भारतीय ज्योतिर्गणितात ते उज्जैनवरून धरत, फ्रेंच पॅरिसवरून. १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद झाली तिथे ग्रिनिच ठरलं, कारण तोवर बहुतेक जहाजं ग्रिनिचवाले चार्ट वापरतच होती. फ्रान्स तेव्हा तटस्थ राहिला.

रेषेबद्दल ऐकलंय ते खरं आहे. फोनवरचं शून्य त्या रेषेच्या पूर्वेला १०२ मीटरवर सापडतं. रेष जाते ग्रिनिच वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या १८५१ च्या दुर्बिणीतून, आणि ती दुर्बीण उभी-आडवी लावली होती तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने. ओळंबा सगळीकडे पृथ्वीच्या केंद्राकडेच रोखलेला नसतो, आसपासच्या जमिनीखालच्या वस्तुमानाने किंचित कलतो. जीपीएसची चौकट मात्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रावर बांधलेली. त्यामुळे दोन्ही शून्यं आपापल्या जागी बरोबर.

यातूनच पुढचं. नुसता अक्षांश-रेखांश सांगून जागा ठरत नाही, तो कुठल्या डेटमवर, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि केंद्र कसं धरलेल्या चौकटीवर मोजलाय तेही लागतं. जीपीएस आणि ऑनलाइन मॅप डब्ल्यूजीएस ८४ नावाचा डेटम वापरतात. त्याआधी प्रत्येक देशाने पृथ्वीचा आपापला आकार धरून नकाशे काढलेले, त्यावरचे आकडे जसेच्या तसे आज टाकले तर पिन शेकडो मीटर सरकू शकते. आणि जमीनही हलते बरं का, ऑस्ट्रेलिया वर्षाला सात सेंटीमीटरच्या आसपास ईशान्येकडे सरकतोय, त्यांनी १९९४ चा डेटम बदलून २०२० चा आणला तेव्हा सगळे आकडे १.८ मीटरने बदलले. पर्यटनाच्या नकाशाला याचा काडीचा फरक पडत नाही, पाइपलाइन खणणाऱ्याला पडतो.

निळावंती
सगळ्यांचे मनापासून आभार, पाचही पिना जागेवर आल्या! नकाशेवाला दादा, ऑपेरा हाउसचं अगदी तसंच निघालं, सूत्र खाली ओढलं होतं, आणि त्याच सूत्रातली रिओची पिनही गुपचूप चुकलेली होती ती आता सापडली.

आता फक्त अ‍ॅटलासच्या सूचीतून घेतलेल्या काही जागा उरल्यात. त्या गावात पडतात पण नेमक्या जागेपासून अर्धा-पाऊण किमी लांब. भागाकार तपासला, बरोबर आहे, ४८.८६६६६६६६७ असा आला. हे पण डेटममुळे का?

टोपोशीट
नाही, डेटमला इथे कशाला ओढायचं. सूचीत फक्त अंश आणि मिनिटं दिलेली असतात, सेकंद नाहीत. एक मिनिट म्हणजे १.८५ किमी, जवळच्या मिनिटाला आणून छापलं की प्रत्येक दिशेने ०.९ किमीपर्यंत चूक तिथेच बसलेली. शिवाय शहराच्या नोंदीचा बिंदू शहराच्या मध्यावर असतो, तुमच्या वास्तूवर नव्हे.

तो ४८.८६६६६६६६७ बघून फसू नका. टिंबानंतर दोन आकडे म्हणजे १.१ किमी, तीन म्हणजे ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे एक मीटर. नऊ आकडे लिहिलेत म्हणजे दशांश मिलिमीटरचा दावा झाला, मुळात माहिती मिनिटापुरती. फोनचं जीपीएससुद्धा उघड्या आकाशाखाली पाचएक मीटर देतं, उंच इमारतींमध्ये त्याहून वाईट. तेव्हा सूचीतले आकडे ४८.८७ असे दोनच दशांश ठेवा आणि शीटमध्ये आकडा कुठून आला त्याचा एक कॉलम वाढवा, पुढे कोणी वापरला तर त्याला कळेल. ज्या जागा नेमक्या हव्यात त्या मात्र उगाचच म्हणाले तशा मॅपवर राइट क्लिक करूनच घ्या, चार दशांश भरपूर झाले.

उगाचच
बघा, शेवटी राइट क्लिकच 😎